जमैकन माकड

जमैकन माकड (शास्त्रीय नाव: झेनोथ्रिक्स मॅक्ग्रेगोरी) ही कॅरिबियन समुद्रातील जमैका या बेटावर पूर्वी आढळणारी, आता नामशेष झालेली माकडाची एक जाती आहे. ही जाती केवळ गुहांमध्ये सापडलेल्या जबडे, दात व हातापायांच्या हाडांवरून ज्ञात आहे. झेनोथ्रिक्स या प्रजातीत हिच्याखेरीज अन्य जातीची नोंद नाही. दातांची असामान्य संख्या आणि पायांच्या हाडांची वेगळी घडण यांमुळे नवजगतातील माकडांमध्ये हिचे स्थान कोणते, हा प्रश्न सुमारे सहा दशके वादाचा राहिला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून हे माकड दक्षिण अमेरिकेतील टीटी माकडांच्या शाखेतील असल्याचे दिसून आले.

शास्त्रीय वर्गीकरण

- संघ: रज्जुमान प्राणी
- वर्ग: सस्तन प्राणी
- गण: नरवानर गण
- उपगट: नवजगतातील माकडे (प्लॅटिऱ्हायनी)
- कुल: पिथेसिइडी
- उपकुल: कॅलिसेबिनी (टीटी माकडे)
- प्रजाती: झेनोथ्रिक्स
- जाती: झेनोथ्रिक्स मॅक्ग्रेगोरी

नाव

झेनोथ्रिक्स हे नाव ग्रीक भाषेतील दोन शब्दांपासून बनले आहे. ‘झेनोस’ म्हणजे परका किंवा अनोळखी आणि ‘थ्रिक्स’ म्हणजे केस. या माकडाचे केस कोणीही पाहिलेले नाहीत. मात्र नवजगतातील माकडांच्या प्रजातींना ‘थ्रिक्स’ हा शब्द अखेरीस असलेली नावे देण्याची जुनी प्रथा आहे. मार्मोसेट माकडांच्या प्रजातीचे कॅलिथ्रिक्स हे नाव त्याचे परिचित उदाहरण आहे. त्यामुळे झेनोथ्रिक्स या नावातून ‘नवजगतातील एक अनोखे माकड’ असा आशय व्यक्त होतो. जातिनाम अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स हॉवर्ड मॅक्ग्रेगर यांच्या सन्मानार्थ देण्यात आले आहे.

शोध

पहिला अवशेष

न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयाचे सस्तन प्राणितज्ज्ञ हॅरल्ड अँथनी १९१९-२० मध्ये जमैकात जीवाश्मांच्या शोधासाठी गेले होते. हे बेट मोठ्या प्रमाणावर चुनखडकाचे आहे. पावसाच्या पाण्याने चुनखडक विरघळून तेथे असंख्य गुहा तयार झाल्या आहेत. अशा गुहांमध्ये पडलेली हाडे उघड्यावरील हाडांपेक्षा अधिक काळ टिकतात. जानेवारी १९२० मध्ये ट्रेलॉनी परगण्यातील लाँग माइल गुहेत उत्खनन करताना अँथनी यांना एका लहान माकडाच्या खालच्या जबड्याचा तुकडा व काही हाडे मिळाली. जमैकावर स्थानिक माकडे असल्याचा कोणताही पुरावा तोपर्यंत नव्हता. तरीही या अवशेषांचे वर्णन त्या वेळी प्रसिद्ध झाले नाही आणि ते संग्रहालयाच्या साठ्यात राहिले.

सुमारे तीन दशकांनंतर अर्नेस्ट विल्यम्स व कार्ल कूपमन यांनी या जबड्याचा अभ्यास केला आणि १९५२ साली नवी प्रजाती व नवी जाती म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे विल्यम्स सरपटणाऱ्या प्राण्यांचे आणि कूपमन वटवाघळांचे तज्ज्ञ म्हणून विख्यात झाले. हे माकड कोणत्या कुलात ठेवावे याविषयी त्यांनी ठाम निर्णय दिला नाही. उपलब्ध जबडा ज्ञात असलेल्या कोणत्याही गटात नीट बसत नव्हता.

लाँग माइल गुहेतील हाडांवरून आणखी एका नामशेष प्राण्याची ओळख पटली. तो म्हणजे जमैकातील न उडणारा आयबिस पक्षी. १९७७ साली त्याचे वर्णन करताना त्याला झेनिसिबिस झिंपिथेकस हे नाव देण्यात आले. त्यातील जातिनामाचा अर्थ ‘माकडासोबतचा’ असा होतो.

नंतरचे अवशेष

अनेक वर्षे या जातीविषयीची सर्व चर्चा प्रामुख्याने खालच्या जबड्याच्या एकाच तुकड्यावर आधारलेली होती. १९९१ साली रॉस मॅकफी व जॉन फ्लीगल यांनी लाँग माइल गुहेतील हातापायांच्या हाडांचे वर्णन केले. त्यानंतर १९९० च्या दशकात बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्लॅरेंडन परगण्यात, जॅक्सन्स बे परिसरातील गुहांमध्ये नवे अवशेष मिळाले. त्यांत वरचा जबडा व चेहऱ्याचा काही भाग होता. २००४ साली मॅकफी व इनेस होरोविट्झ यांनी त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. या अवशेषांमुळे हे माकड बेटाच्या एकाच कोपऱ्यात मर्यादित नव्हते, हेही स्पष्ट झाले.

यातील बरेच अवशेष काटेकोर अर्थाने जीवाश्म नाहीत. हाडातील मूळ द्रव्याची जागा खनिजांनी पूर्णपणे घेतल्यावर जीवाश्म तयार होतो. या माकडाची हाडे भूशास्त्रीय दृष्ट्या अलीकडची असल्याने त्यांत मूळ द्रव्याचा काही अंश शिल्लक आहे. अशा अवशेषांना अर्धजीवाश्म म्हणतात. पुढे त्यांतून डीएनए मिळवता आला, तो याच कारणाने.

शरीररचना

दात व जबडा

जमैकन माकडाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या दातांची संख्या. दंतसूत्रात जबड्याच्या एका बाजूचे पटाशीचे दात, सुळे, उपदाढा व दाढा यांची संख्या अनुक्रमे दिली जाते. निरनिराळ्या गटांची दंतसूत्रे पुढीलप्रमाणे आहेत:

- नवजगतातील बहुतेक माकडे, टीटी माकडांसह: २-१-३-३, एकूण ३६ दात
- मार्मोसेट व टॅमरिन: २-१-३-२, एकूण ३२ दात
- जमैकन माकड: २-१-३-२, एकूण ३२ दात
- जुन्या जगतातील माकडे, कपी व मानव: २-१-२-३, एकूण ३२ दात

मानवाच्या व जमैकन माकडाच्या दातांची एकूण संख्या सारखी असली, तरी ते साम्य वरवरचे आहे. मानवाच्या पूर्वजांमध्ये एक उपदाढ कमी झाली, तर जमैकन माकडात तिसरी दाढ म्हणजे अक्कलदाढ नाहीशी झाली. उरलेल्या दोन्ही दाढा मोठ्या असून त्यांवरील उंचवटे बुटके व गोलसर आहेत. सुळ्याची खोबण लहान आहे. खालचा जबडा मागील बाजूस खोल होत जातो.

हातापायांची हाडे

मांडीच्या हाडाची व अन्य हाडांची घडण नवजगतातील हल्लीच्या माकडांपेक्षा वेगळी आहे. हाडे जाड व दणकट असून काही बाबतींत ती झाडांवर राहणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या हाडांची आठवण करून देतात. लांब उड्या मारणाऱ्या माकडांच्या मांडीच्या हाडात दिसणारी वैशिष्ट्ये येथे आढळत नाहीत. उपलब्ध हाडांच्या मापांवरून या माकडाचे वजन साधारणतः दोन ते पाच किलोग्रॅम असावे, असा अंदाज करण्यात आला आहे. हल्लीच्या टीटी माकडांचे वजन एक किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजेच जमैकन माकड आपल्या मुख्य भूमीवरील नातेवाइकांपेक्षा बरेच मोठे होते.

जीवनपद्धती

या माकडाच्या सवयींचे अनुमान केवळ हाडांवरूनच करता येते. पायांच्या घडणीवरून ते झाडांवर चारही पायांनी सावकाश चालणारे व चढणारे असावे, असे मानले जाते. दाढांवरील बुटके व गोलसर उंचवटे पाने कातरण्यापेक्षा अन्न चिरडण्यास व भरडण्यास अधिक उपयुक्त असतात. यावरून त्याच्या आहारात फळे व तत्सम पदार्थांना महत्त्व असावे.

जमैकाच्या मूळ प्राणिसृष्टीत जमिनीवर वावरणारे मांसाहारी सस्तन प्राणी नव्हते. बेटावर अजगराच्या कुलाजवळचा जमैकन बोआ व शिकारी पक्षी होते. परंतु मुख्य भूमीवरील माकडांना धोकादायक ठरणारी रानमांजरे तेथे नव्हती. अशा परिस्थितीत वेगाने पळण्याची वा दूरवर उडी मारण्याची गरज कमी होते. संथ हालचाल व मोठा आकार यांमागे हे एक कारण असू शकते. बेटावर फळे खाणारे स्पर्धक सस्तन प्राणीही मोजकेच होते.

उत्क्रांतीविषयक नाते

शरीररचनेवर आधारित मते

झेनोथ्रिक्सच्या नात्याविषयी निरनिराळ्या काळी परस्परविरोधी मते मांडली गेली. त्यांतील प्रमुख मते पुढीलप्रमाणे आहेत.

स्वतंत्र कुल: १९७० साली फिलिप हर्शकोविट्झ यांनी या माकडासाठी झेनोट्रिकिडी हे स्वतंत्र कुल स्थापन केले. हे माकड इतरांहून इतके भिन्न आहे की त्याला कोणत्याही ज्ञात कुलात ठेवता येणार नाही, अशी यामागील भूमिका होती. मात्र अशा वर्गीकरणातून प्राण्याचे वेगळेपण नोंदले जाते, त्याचा जवळचा नातेवाईक कोण हे कळत नाही.

मार्मोसेटांशी नाते: तिसरी दाढ नसणे हे लक्षण मार्मोसेट व टॅमरिन माकडांत आढळते. त्यामुळे झेनोथ्रिक्स त्या गटाजवळचे असावे, अशी शक्यता मांडण्यात आली. या मताला मोठी अडचण होती. मार्मोसेटांमध्ये दाढ नाहीशी होण्याचा संबंध शरीर लहान होत जाण्याशी जोडला जातो. त्यांचे वजन काही शे ग्रॅमच असते आणि दुसरी दाढही लहान झालेली असते. झेनोथ्रिक्स मात्र आकाराने मोठे होते व त्याच्या दाढाही मोठ्या होत्या. यावरून दोन्ही गटांत तिसरी दाढ स्वतंत्रपणे नाहीशी झाली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरले.

टीटी माकडांशी नाते: १९९९ साली होरोविट्झ व मॅकफी यांनी क्युबा, हिस्पॅनिओला व जमैका येथील नामशेष माकडांची एकत्रित तुलना केली. ही तिन्ही बेटांवरील माकडे एकाच पूर्वजापासून उत्पन्न झाली असून मुख्य भूमीवरील त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक टीटी माकडे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यासाठी त्यांनी रुंद नासागुहा, सुळ्याची लहान खोबण अशी लक्षणे आधारभूत मानली. या बेटांवरील माकडांचा त्यांनी झेनोट्रिकिनी नावाचा एक गट केला.

निशाचर माकडांशी नाते: २००२ साली आल्फ्रेड रोझेनबर्गर यांनी चेहऱ्याच्या अवशेषांचा वेगळा अर्थ लावला. या माकडाच्या डोळ्यांच्या खोबणी मोठ्या होत्या व त्यामुळे ते रात्री वावरणाऱ्या एओटस माकडांच्या जवळचे असावे, असे त्यांचे मत होते. मॅकफी व होरोविट्झ यांनी २००४ सालच्या लेखात हे मत अमान्य केले.

एकाच प्राण्याविषयी इतकी भिन्न मते निर्माण होण्याचे कारण केवळ अवशेषांची अपूर्णता हे नव्हते. बेटावरील दीर्घ वास्तव्यात या माकडात इतके बदल झाले होते की पूर्वजांकडून आलेली लक्षणे कोणती आणि नंतर उद्भवलेली कोणती, हे हाडांवरून ठरवणे कठीण होते.

प्राचीन डीएनएचा पुरावा

उष्ण व दमट हवामानात हाडांमधील डीएनए लवकर नष्ट होतो. त्यामुळे कॅरिबियन बेटांवरील अवशेषांतून तो मिळवणे अवघड मानले जात असे. रोझीना वुड्स, सॅम्युएल टर्वी, सेलिना ब्रेस, रॉस मॅकफी व इयन बार्न्स यांनी झेनोथ्रिक्सच्या हाडांतून जवळजवळ संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जनुकसंच आणि पेशीकेंद्रातील डीएनएचे सात भाग मिळवण्यात यश मिळवले. त्यांचा लेख २०१८ साली प्रसिद्ध झाला.

या डीएनएची हल्लीच्या माकडांच्या डीएनएशी तुलना केली असता झेनोथ्रिक्स हे टीटी माकडांच्या शाखेच्या आतच असल्याचे आढळले. टीटी माकडांच्या कॅलिसेबस, प्लेक्ट्युरोसेबस व चेरासेबस अशा तीन प्रजाती मानल्या जातात. त्यांपैकी चेरासेबस ही झेनोथ्रिक्सची सर्वांत जवळची नातेवाईक ठरली. या दोन शाखा सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे मायोसीन काळाच्या उत्तरार्धात, एकमेकींपासून विलग झाल्या. चेरासेबस माकडे हल्ली ॲमेझॉन व ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतील अरण्यांत राहतात.

या निष्कर्षाचे परिणाम दोन आहेत. पहिला असा की, झेनोथ्रिक्ससाठी स्वतंत्र कुल मानण्याचे कारण उरले नाही. चेरासेबस माकड अन्य टीटी माकडांपेक्षा झेनोथ्रिक्सच्या अधिक जवळचे असेल, तर झेनोथ्रिक्सला वगळून टीटी माकडांचा नैसर्गिक गट करता येत नाही. दुसरा परिणाम उत्क्रांतीच्या वेगाशी निगडित आहे. मुख्य भूमीवरील टीटी माकडांच्या तिन्ही प्रजाती सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, तरी त्यांच्या शरीररचनेत आजही मोठे साम्य आहे. त्याच शाखेतील जे माकड बेटावर पोहोचले, त्याची दातांची संख्या, आकार व पायांची घडण बदलून गेली. म्हणजे दोन प्राण्यांतील बाह्य फरक किती मोठा आहे, यावरून त्यांच्या विभक्त होण्याचा काळ ठरवता येत नाही.

जमैकावर आगमन

मायोसीन काळाच्या बऱ्याच भागात जमैका समुद्राखाली होते. भूकवचाच्या हालचालींमुळे ते सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास पुन्हा वर आले. बेटावर पसरलेला चुनखडक हा त्या सागरी अवस्थेचाच पुरावा आहे. त्यामुळे माकडाचे पूर्वज बेट वर आल्यानंतर व समुद्रमार्गेच तेथे आले असले पाहिजेत. डीएनएवरून काढलेला विभाजनाचा काळ या भूशास्त्रीय इतिहासाशी जुळतो.

माकडे समुद्र पोहून पार करत नाहीत. पुराच्या वेळी नदीकाठचे मोठे भूखंड झाडाझुडपांसह सुटून समुद्रात वाहून जातात. अशा तरंगत्या हिरव्या तराफ्यांवरून प्राणी बेटांवर पोहोचतात, असे मानले जाते. ओरिनोकोसारख्या मोठ्या नद्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून कॅरिबियन समुद्राकडे जाणारे प्रवाह यांमुळे असा प्रवास शक्य होतो. ही घटना अत्यंत दुर्मीळ असली, तरी लक्षावधी वर्षांच्या काळात ती एक-दोनदा घडली तरी नवी शाखा निर्माण होण्यास पुरेशी असते.

कॅरिबियन बेटांवरील अन्य नामशेष माकडे

ग्रेटर अँटिलीस बेटसमूहातून झेनोथ्रिक्सखेरीज पुढील माकडे ज्ञात आहेत. आज या बेटांवर कोणतेही मूळ स्थानिक माकड अस्तित्वात नाही.

- पॅरालोआट्टा व्हॅरोनाय: क्युबा. १९९१ साली वर्णन. आकाराने मोठे, काही प्रमाणात जमिनीवर वावरणारे असावे. आरंभी याचे नाते हाउलर माकडांशी जोडले गेले होते.
- पॅरालोआट्टा मारियानी: क्युबा. २००३ साली घोट्याच्या एका हाडावरून वर्णन. पूर्व मायोसीन काळातील.
- अँटिलोथ्रिक्स बर्नेन्सिस: हिस्पॅनिओला (डोमिनिकन प्रजासत्ताक). १९७७ साली खार-माकडांच्या सायमिरी प्रजातीत वर्णन. १९९५ साली स्वतंत्र प्रजाती.
- इन्सुलासेबस तूसाँशियाना: हिस्पॅनिओला (हैती). २०११ साली वर्णन.

यांपैकी पॅरालोआट्टा मारियानीचे हाड झेनोथ्रिक्स व चेरासेबस यांच्या विभाजनापेक्षा कित्येक लाख वर्षे नव्हे, तर काही दशलक्ष वर्षे जुने आहे. म्हणजे झेनोथ्रिक्सची शाखा निर्माण होण्यापूर्वीच क्युबात माकडे होती. यावरून मुख्य भूमीवरून माकडे कॅरिबियन बेटांवर किमान दोन वेळा स्वतंत्रपणे आली असावीत, असा निष्कर्ष २०१८ च्या अभ्यासात काढण्यात आला. सर्व बेटांवरील माकडे एकाच पूर्वजाची वंशज आहेत, या मताला त्यामुळे बाधा येते. झेनोथ्रिक्स टीटी माकडांजवळचे आहे, हा १९९९ सालच्या मताचा भाग मात्र डीएनएने पुष्ट केला. हा अभ्यास झेनोथ्रिक्सच्या डीएनएपुरता असल्याने क्युबा व हिस्पॅनिओला येथील माकडांचे नाते ठरवताना हाडांचाच आधार घ्यावा लागतो.

नामशेष होणे

कार्बन-१४ पद्धतीने केलेल्या कालमापनावरून जमैकन माकड गेल्या दीड हजार वर्षांच्या आतपर्यंत अस्तित्वात होते, असे दिसते. शिवॉन कुक व सहकाऱ्यांनी २०१७ साली या विषयावर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. जमैकावर मानवी वस्तीचा पुरातत्त्वीय पुरावा इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमारापासून मिळतो. कॅरिबियन बेटांपैकी जमैकावर मानव तुलनेने उशिरा पोहोचला.

हिमयुगाच्या अखेरीस, सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी, हवामान बदलले व समुद्राची पातळी वाढली. बेटाचे किनारी भाग त्या वेळी पाण्याखाली गेले. जमैकन माकडाने हा बदल सहन केला व त्यानंतरही ते हजारो वर्षे टिकून राहिले. त्यामुळे केवळ हवामानबदलाने ते नामशेष झाले, असे म्हणता येत नाही. शिकार आणि शेतीसाठी झालेली जंगलतोड ही कारणे अधिक संभाव्य मानली जातात. सावकाश हालचाल करणारा व जमिनीवरील शिकाऱ्यांची सवय नसलेला प्राणी मानवासमोर असहाय ठरणे स्वाभाविक होते. माकडांचा जननदर कमी असल्याने थोड्या शिकारीनेही त्यांची संख्या घटत जाते.

वटवाघळे वगळता जमैकावरील मूळ सस्तन प्राण्यांपैकी आज केवळ जमैकन हुटिया हा कुरतडणारा प्राणी उरला आहे. स्थानिक लोक त्याला कोनी म्हणतात. बेटावरील भातउंदीरही एकोणिसाव्या शतकात नामशेष झाला.

महत्त्व

जमैकन माकडाच्या अभ्यासाला दोन कारणांनी महत्त्व आहे. बेटांवरील उत्क्रांतीमुळे प्राण्याचे रूप किती पालटू शकते, याचे नरवानर गणातील हे एक ठळक उदाहरण आहे. तसेच एकमेकांशी मिळतीजुळती लक्षणे नेहमीच समान वंशाची निदर्शक नसतात, ही गोष्ट त्याच्या दातांच्या उदाहरणातून स्पष्ट होते. एकट्या दंतसूत्रावर विसंबल्यास हे माकड मार्मोसेटांच्या गटात गेले असते. जबडा, चेहरा, पायांची हाडे, बेटाचा भूशास्त्रीय इतिहास व डीएनए हे सर्व पुरावे एकत्र ठेवल्यावर त्याचे स्थान निश्चित झाले. १९२० साली गुहेत सापडलेल्या जबड्याचे वर्णन होण्यास बत्तीस वर्षे लागली आणि त्या माकडाचा वंश डीएनएच्या आधारे ठरण्यास आणखी सहासष्ट वर्षे जावी लागली. संग्रहालयांमध्ये जतन केलेले नमुने गोळा करणाऱ्यांच्या हयातीनंतरही कसे उपयोगी पडतात, याचेही हे उदाहरण आहे.

हेही पहा

- टीटी माकड
- नवजगतातील माकडे
- प्राचीन डीएनए
- बेटांवरील उत्क्रांती
- ग्रेटर अँटिलीस